रुपेरी पानांची बाग : रायगडच्या किनाऱ्यासाठी कमी देखभालीचा पर्याय

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा रायगडचा किनारा गेल्या काही वर्षांत मुंबईकरांना अधिकच जवळचा झाला आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू वाहतुकीला खुला झाला. आवास, सासवणे, किहीम, नागाव, काशीद, दिवेआगर या गावांतून शनिवार-रविवारची घरे वाढत गेली. घर उभे राहिले की पाठोपाठ बागेचा प्रश्न येतो. मालक आठवड्यातून दोन दिवस, कधी महिन्यातून दोनच दिवस येणार. उरलेले दिवस बागेने आपले आपण राहावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र घरापुढे हिरवळ अंथरली जाते, तिच्या कडेने हंगामी फुलांचे वाफे येतात आणि फेब्रुवारी उजाडला की टँकरची शोधाशोध सुरू होते.

हिरवळीचा हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कोकण किनाऱ्यावर उन्हाळ्यात दररोज पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी बाष्परूपाने उडून जाते. पाच गुंठे, म्हणजे सुमारे पाचशे चौरस मीटर हिरवळ टवटवीत ठेवायची, तर रोज अडीच हजार लिटर पाणी हवे. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत ही गरज तीन लाख लिटरवर, म्हणजे दहा हजार लिटरच्या तीस टँकरवर जाते. हे पाणी बहुधा विहिरीतून किंवा कूपनलिकेतून येते. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या जमिनीत गोड पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते, आणि त्याचा फटका एका बंगल्याच्या बागेपुरता मर्यादित राहत नाही. शेजारच्या वाडीतली पिण्याच्या पाण्याची विहीरही मचूळ होते.

या पार्श्वभूमीवर रुपेरी, राखाडी किंवा पांढुरक्या पानांच्या शोभेच्या झाडांचा विचार करण्याजोगा आहे. ऊन, खारा वारा आणि पाण्याची टंचाई या तिन्ही गोष्टी यातील अनेक झाडे सहज सोसतात. फुलांचा हंगाम नसतानाही त्यांची शोभा टिकते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात आणि चांदण्यात हिरवी पाने दिसेनाशी होतात, तेव्हा ही पाने उठून दिसतात. मात्र परदेशी पुस्तकांतील याद्या जशाच्या तशा उचलल्या, तर रायगडात पहिल्याच पावसाळ्यात निराशा पदरी येते. त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी पान रुपेरी का होते, येथून सुरुवात करावी लागेल.

पान रुपेरी का दिसते?

या पानांत रुपेरी रंगाचे वेगळे द्रव्य नसते. हरितद्रव्य इतर पानांप्रमाणेच असते. त्यावरील आवरणामुळे प्रकाश परतवला जातो आणि पान पांढुरके भासते. हे आवरण मुख्यत्वे तीन प्रकारचे असते.

पहिला प्रकार लवेचा. पानावर अतिसूक्ष्म केसांचा दाट थर असतो. तो उन्हाचा काही भाग परतवतो, पानाचे तापमान कमी राखतो आणि पृष्ठभागालगत हवेचा स्थिर थर धरून ठेवून बाष्पीभवनाला आवर घालतो. अमेरिकेच्या वाळवंटातील एन्सेलिया या झुडपावर एलेरिंजर, ब्योर्कमन व मूनी यांनी केलेले आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते. लवेमुळे पानात शिरणारा प्रकाश कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले. याचा अर्थ या संरक्षणाची किंमतही झाड मोजत असते. भरपूर ऊन असेल तिथे ती परवडते. सावलीत परवडत नाही. म्हणूनच उन्हातले रुपेरी झाड सावलीत नेऊन ठेवले, की नवी पाने कमी लव घेऊन, अधिक हिरवी येतात.

दुसरा प्रकार मेणाचा. घायपात किंवा बिस्मार्क पामच्या पानावरून बोट फिरवले तर पांढरी पूड निघते आणि बोटाचा ठसा तसाच राहतो. हा मेणाचा थर पाणी आत कोंडून ठेवतो आणि बाहेरचे खारे तुषार पानावर टिकू देत नाही.

तिसरा प्रकार अगदी वेगळा आहे. पायलिया, काही बिगोनिया, सिंडॅप्सस यांसारख्या जंगलातील सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींत पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवरून प्रकाश परततो. या झाडांचा रुपेरी रंग उन्हापासून बचावाचा पुरावा नव्हे. त्यांना कडक ऊन दाखवले, तर पाने करपतात.

रोपवाटिकेत ‘सिल्व्हर’ असे नाव लावलेले प्रत्येक रोप उन्हाला काटक असते, असा समज म्हणूनच चुकीचा आहे. लव असलेले, मेण असलेले आणि पोकळ्या असलेले असे तीन गट ओळखता आले, तर जागेची निवड बरीचशी सोपी होते.

उलटा पावसाळा

रुपेरी पानांच्या बागेची कल्पना युरोपात रुजली ती भूमध्य सागराच्या परिसरातील झाडांवर. लॅव्हेंडर, सँटोलिना, आर्टेमिसिया, डस्टी मिलर ही सारी त्या कुळातली. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी इंग्लंडमधील सिसिंगहर्स्ट येथे १९५० च्या सुमारास उभारलेली पांढऱ्या फुलांची आणि रुपेरी पानांची बाग जगभर गाजली. पुढे बेथ चॅटो यांनी एसेक्स परगण्यात वाहनतळाच्या खडीच्या जागेवर कोरडवाहू बाग वसवली. अमेरिकेत डेनव्हरच्या पाणीपुरवठा खात्याने १९८१ मध्ये ‘झेरिस्केप’ हा शब्द रूढ केला आणि कमी पाण्याच्या बागेला एक नाव मिळाले.

या सर्व ठिकाणी उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस असलाच तर थंडीत किंवा बेताचा. रायगडच्या किनाऱ्यावर नेमके उलटे घडते. वर्षाकाठी पडणारा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि तोही उबदार हवेत. उरलेले आठ महिने जमीन कोरडी होत जाते. लॅव्हेंडरला कोरड्या आठ महिन्यांची अडचण नसते; त्याला मारतात ते पावसाचे चार महिने. दाट लव पाणी धरून ठेवते, हवा हलत नाही, बुरशी बसते आणि रोप बुंध्यापासून सडते. त्यामुळे किनाऱ्यावर झाड निवडताना ‘हे उन्हाळ्यात तगेल का?’ या प्रश्नाआधी ‘हे आषाढ काढेल का?’ हा प्रश्न विचारणे शहाणपणाचे ठरते.

घरचीच रुपेरी झाडे

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत चांगले देतात ती याच भूमीत वाढलेली झाडे. ती परिचयाची असल्याने शोभेची म्हणून आपल्या डोळ्यांत भरत नाहीत, एवढेच.

निर्गुडी हे त्यांपैकी पहिले नाव. पाने वरून काळसर हिरवी आणि खालून पांढुरकी, लवदार असतात. वारा सुटला की सारे झुडूप क्षणात हिरवे, क्षणात रुपेरी दिसते. निळसर जांभळ्या फुलांचे तुरे येतात आणि त्यांवर मधमाश्या गर्दी करतात. उग्र वासामुळे गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच खेड्यापाड्यांत ती कुंपणाला लावली जाते. पावसाच्या सुरुवातीला हातभर लांबीची जून फांदी खोचली तरी फुटते. वर्षातून एकदा कापून कमरेइतकी राखली, तर ती उत्तम शोभिवंत कुंपण होते. तिची नातलग असलेली तीन पानांची व्हायटेक्स ट्रायफोलिया किनाऱ्यावर तितकीच काटक असते.

रुई पडीक जागेत, रस्त्याकडेला सर्वत्र दिसते. तिची जाड, राखाडी पाने आणि मेणासारखी फिकी जांभळी किंवा पांढरी फुले मोठ्या बागेतही शोभतात. मारुतीला वाहिल्या जाणाऱ्या पानांमुळे घरोघरी तिची ओळख आहे. ‘प्लेन टायगर’ या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. तिला पाणी जवळजवळ लागतच नाही. मात्र तिचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ ती लावू नये आणि छाटताना हातमोजे व चष्मा वापरावा.

शिंदी हा देशी खजूर परदेशांतील रोपवाटिकांत ‘सिल्व्हर डेट पाम’ या नावाने विकला जातो, हे अनेकांना ठाऊक नसते. निळसर राखाडी झावळ्यांचे हे झाड खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही. सुगरण पक्षी त्याच्या झावळ्यांना घरटी टांगतात. सुगरणीच्या विणीचा डॉ. सालिम अली यांनी केलेला प्रसिद्ध अभ्यास १९३० मध्ये याच किनाऱ्यावरील किहीम येथे झाला होता. आवारात आधीपासून असलेली शिंदी तोडून तिथे महागडा पाम आणण्याचे प्रकार होतात. तसे करण्यात पैसा आणि शोभा दोन्ही वाया जातात.

समुद्रशोक हा दमदार वेल. त्याची हृदयाकृती पाने वीतभराहून मोठी असून खालच्या बाजूने रेशमासारखी पांढरी लव असते. तिच्या शास्त्रीय नावातील ‘आर्जिरिया’ या शब्दाचे मूळ चांदीसाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे. फिकट गुलाबी-जांभळी फुले येतात. वेल वजनदार असल्याने लोखंडी कमान किंवा दगडी भिंतच त्याला द्यावी. झाडावर सोडल्यास तो झाड झाकोळून टाकतो. बिया विषारी आणि मादक असल्याने शेंड्यांवरची सुकी फळे वेळच्या वेळी काढून टाकावीत.

जमिनीलगत पसरणाऱ्यांत विष्णुक्रांता आणि कापूरमाधुरी यांची नावे घ्यावी लागतील. विष्णुक्रांतेची बारीक रेशमी पाने आणि निळी फुले खडीच्या फटींतून सुरेख दिसतात. कापूरमाधुरीचे पांढरे लोकरी तुरे कोरड्या बांधावर आपोआप उगवतात. निंदणी करताना तण समजून ती उपटली जातात, हे माळ्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.

दवणा हा महाराष्ट्राचा आपला आर्टेमिसिया. पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात त्याची शेती होते आणि चैत्रात जोतिबाला तो वाहिला जातो. तो वर्षायू आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरावा, फाल्गुन-चैत्रात सुगंधासह काढावा. पावसाळ्यात जगण्याचा प्रश्नच त्याच्यापुढे येत नाही. लॅव्हेंडरची हौस असणाऱ्यांनी उन्हातल्या कुंडीत दवणा करून पाहावा.

पावसाळ्यातही पांढऱ्या रंगाची झाक हवी असेल, तर भूतकेस हे देशी झुडूप लावावे. त्याची पाने रुपेरी नसतात. फुलाजवळची पानासारखी पांढरी दले मात्र हिरव्या रानात दुरूनही ओळखू येतात.

तिवर या खारफुटीच्या पानांची खालची बाजूही रुपेरी असते आणि जादा मीठ ती पानांवाटे बाहेर टाकते. पण तिवर ही बागेची वनस्पती नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशाने आणि २०१८ मधील निकालाने राज्यातील खारफुटीला संरक्षण मिळाले आहे. कुंपणापलीकडे खाडी असेल, तर तिवरांची ती राखाडी रेघ जशीच्या तशी राखणे हीच बागेची सर्वांत स्वस्त आणि भक्कम मागची भिंत होय. पुळणीवरची मर्यादवेल आणि स्पिनिफेक्स गवत यांनाही हाच नियम लागू पडतो. ‘समुद्र दिसावा’ म्हणून ती खरवडली, तर वाळू सुटते आणि वाऱ्याबरोबर थेट ओटीवर येते.

बाहेरून आलेले पाहुणे

परदेशी रुपेरी झाडांपैकी काही कोकणात चांगली रुळली आहेत. मादागास्करचा बिस्मार्क पाम अलिबागच्या फार्महाउसांतून हमखास दिसतो. निळसर रुपेरी पंख्यांचे हे झाड देखणे आणि काटक आहे. पण त्याचा विस्तार पाच-सहा मीटरपर्यंत जातो, हे लावताना विसरले जाते. भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर ठेवावे. मुळे दुखावलेली त्याला सहन होत नाहीत, त्यामुळे मोठे झाड उचलून आणण्यापेक्षा लहान रोप लावून वाट पाहावी.

घायपात मेक्सिकोकडचा, पण आता बांधाबांधांवर दिसणारा. पाणी, खत, छाटणी यांपैकी काहीच तो मागत नाही. अनेक वर्षांनी एकदा उंच दांडा येऊन फुलतो आणि मग ते झाड संपते. तोवर बुंध्याशी पिले आलेली असतात. पानांच्या टोकाशी दणकट काटा असल्याने पायवाटेपासून किमान दीड मीटर दूर लावावा.

ल्युकोफायलम हे टेक्सास आणि मेक्सिकोकडील रुपेरी झुडूप पाणी तुंबले तर मरते, पण उंचवट्यावर आणि मुरमाड जागी चांगले येते. हवेतील दमटपणा वाढला की त्याला जांभळी फुले येतात. निळ्या फुलांचा इव्हॉल्व्हुलस हा ब्राझीलचा, विष्णुक्रांतेचाच भाऊबंद. उन्हात तो जमिनीवर छान पसरतो, सकाळी फुलतो आणि दुपारनंतर मिटतो. रुपेरी डायकॉन्ड्रा टांगत्या कुंडीतून खाली सोडावी. डस्टी मिलर मात्र हंगामी समजावा: नोव्हेंबरमध्ये लावावा आणि मे महिन्यात निरोप द्यावा.

दोन झाडांबाबत सावधगिरी हवी. सिल्व्हर ओक हे ऑस्ट्रेलियातील झाड चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावले जाते; पण त्याच्या फांद्या ठिसूळ असल्याने किनाऱ्यावरील घराजवळ ते धोक्याचे ठरते. रुपेरी कोनोकार्पस खाऱ्या हवेत जोमाने वाढतो, म्हणून त्याची शिफारस वारंवार होते. परंतु कोनोकार्पसच्या लागवडीला गुजरात सरकारने २०२३ मध्ये मनाई केली. परागकणांमुळे होणारा त्रास आणि मुळांमुळे भूमिगत वाहिन्यांना पोहोचणारा उपद्रव ही कारणे त्यामागे होती. निर्गुडीसारखे झुडूप हाताशी असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

वाडीच्या सावलीत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीला उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षे लागतात. त्यामुळे तो घाव केवळ एका हंगामाचा नव्हता. वाडी मोडल्यावर काहींनी जागा विकल्या, काहींनी पुन्हा लागवड केली. अशी जागा विकत घेणाऱ्याने उरलेली झाडे साफ करून मोकळे मैदान करू नये. उभी असलेली प्रत्येक सुपारी म्हणजे तयार सावली आणि वाऱ्याला अडसर असतो. नारळ-सुपारीच्या नव्या लागवडीसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धन येथेच आहे, आणि खाऱ्या जमिनींचा अभ्यास करणारे याच विद्यापीठाचे केंद्र पनवेलला आहे.

वाडीतील सावलीत तिसऱ्या गटातील झाडे लावावीत. पायलिया, सिंडॅप्सस, रुपेरी पट्ट्यांची ट्रॅडेस्कँशिया आणि अ‍ॅग्लोनिमा ही मिरी-जायफळाच्या सोबतीने आनंदाने वाढतात. यांना दमट हवा आवडते, त्यामुळे पावसाळ्याची धास्ती नसते. वाडीला पाणी मिळते त्यातच त्यांचे भागते. वेगळी सोय करावी लागत नाही. अ‍ॅग्लोनिमा व सिंडॅप्ससची पाने मुलांनी किंवा पाळीव प्राण्यांनी चघळल्यास तोंडाची आग होते, एवढे ध्यानात ठेवावे.

जमीन आणि लागवड

उन्हातील रुपेरी झाडांसाठी एकच गोष्ट निर्णायक असते, ती म्हणजे निचरा. जमिनीच्या पातळीपेक्षा एक ते दीड फूट उंच वाफे करावेत आणि त्यांना जांभ्याच्या चिऱ्यांचा किंवा दगडी गडग्याचा कठडा द्यावा. दोन भाग मुरूम, एक भाग माती, एक भाग बारीक खडी आणि थोडे कुजलेले शेणखत असे मिश्रण पुरेसे होते. समुद्राची वाळू कधीही वापरू नये. तिच्यातील मीठ मुळांना मारते, शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलणे बेकायदा आहे. वाफ्याच्या वरच्या बाजूला चर काढून छपराचे व उताराचे पाणी दुसरीकडे वळवावे. वळचणीखाली लव असलेले एकही झाड लावू नये.

कोकणात झाडे लावायची ती मृगात, हा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज आहे. निर्गुडी, शिंदी, रुई यांच्यासाठी तो योग्यच आहे. ल्युकोफायलम, इव्हॉल्व्हुलस आणि तत्सम झाडे मात्र पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात लावावीत. जमिनीत ओल असते, ऊन मिळते आणि पुढच्या पावसापूर्वी मुळांना आठ महिने मिळतात.

रोपांत अंतर सढळ ठेवावे. लव असलेली झाडे दाटीवाटीने लावली की पावसात हवा खेळत नाही. बुंध्याभोवती पालापाचोळ्याऐवजी खडीचा दोन इंच थर द्यावा. पालापाचोळा ओल धरतो. तो नारळ-सुपारीला उपकारक आणि रुपेरी झुडपांना मारक ठरतो. समुद्राच्या बाजूने उंडी, भेंड किंवा करंज यांची एक रांग असल्यास आतील सर्वच झाडांना वाऱ्यापासून आडोसा मिळतो.

पाणी, खत आणि कीड

‘कमी देखभाल’ म्हणजे ‘शून्य देखभाल’ नव्हे. पहिली दोन वर्षे प्रत्येक झाडाला उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. शंभर झुडपांना आठवड्यातून दोनदा पाच-पाच लिटर धरले, तरी फेब्रुवारी ते मे या काळात एकूण सतरा हजार लिटर पाणी पुरते. वर सांगितलेल्या हिरवळीच्या तीन लाख लिटरशी याची तुलना करून पाहावी. पाणी बुंध्याशी, ठिबकने किंवा झारीने द्यावे. पानांवर फवारा मारू नये. अपवाद एकच: कोरड्या दिवसांत खारे वारे सलग सुटले असतील, तर एखाद्या सकाळी पाने गोड्या पाण्याने धुऊन काढावीत, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती सुकतात.

खताचा हात आखडता ठेवावा. युरिया किंवा इतर नत्रयुक्त खत भरपूर दिले की पाने मोठी, मऊ आणि हिरवी येतात, आणि ज्यासाठी झाड लावले तो रंगच जातो. वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये, मूठ-दोन मुठी शेणखत पुरे.

छाटणी मे महिन्याच्या अखेरीस करावी. झुडपाच्या आतील दाट, वाळक्या काड्या काढून टाकाव्यात, म्हणजे पावसात गाभ्यात वारा खेळतो. कुंड्या पडवीत घ्याव्यात. जागा नसेल, तर कोकणात पावसाळ्यापूर्वी भिंतींना लावतात तसे नारळाच्या झापांचे उतरते छप्पर चार खांबांवर उभे करावे. बाजू उघड्या असाव्यात. प्लॅस्टिक गुंडाळल्यास आत वाफ कोंडते आणि रोपे अधिक लवकर सडतात.

पिठ्या ढेकूण हा या बागेतला छुपा शत्रू. पांढऱ्या लवेवर पांढरी कीड चटकन दिसत नाही. मुंग्यांची ये-जा दिसली की पानांच्या बगला तपासाव्यात आणि कीड लागलेला शेंडा कापून नष्ट करावा. मेण असलेल्या झाडांवर तेलकट किंवा साबणाचे द्रावण फवारू नये. किडीबरोबर मेणही निघून जाते आणि पानावर हिरवट डाग कायमचे राहतात. शिंदी आणि बिस्मार्क पामवर गेंड्या भुंगा व सोंड्या भुंग्याची नजर असते. मधला कोंब वाकडा झाला किंवा खोडातून भुसा आला, तर वाट न पाहता जाणकाराला दाखवावे. नारळाच्या बागेत हे भुंगे असतातच. त्यामुळे कुजकी खोडे आणि उघडे शेणखताचे ढीग आवारात ठेवू नयेत.

पाच गुंठ्यांची आखणी

पाच गुंठ्यांच्या आवाराचे उदाहरण घेऊ. समुद्राकडील बाजूस उंडी-भेंडाची रांग आणि तिच्या आत निर्गुडीचे कुंपण. मध्यभागी, घरापासून पुरेशा अंतरावर एक शिंदी किंवा एक बिस्मार्क पाम. दोन्ही नकोत, कारण दोघांनाही एकटे उभे राहणे शोभते. उन्हातील दोन उंच वाफ्यांत ल्युकोफायलम आणि त्याच्या पायाशी इव्हॉल्व्हुलस. दूरच्या कोपऱ्यात घायपात आणि रुई. फाटकाच्या कमानीवर समुद्रशोक. असलेल्या नारळ-सुपारीखाली पायलिया आणि अ‍ॅग्लोनिमा. हिरवळ हवीच असेल, तर ओटीपुढे अर्ध्या गुंठ्यापुरती ठेवावी. मुलांना लोळायला तेवढी पुरते.

रंगांचाही थोडा विचार करावा. नुसतेच रुपेरी आवार एप्रिलच्या प्रखर उजेडात फिके, धुळकट वाटते. गडद हिरव्या उंडीच्या किंवा लालसर जांभ्याच्या पार्श्वभूमीवर तीच पाने उजळून दिसतात. दर तीन हिरव्या झाडांमागे एक रुपेरी झाड, एवढे प्रमाण डोळ्यांना सुखावते.

वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै : देशी झाडांची लागवड, निर्गुडीच्या फांद्या खोचणे, चरांतील गाळ काढणे.

ऑगस्ट : पावसाच्या उघडिपीत सडकी पाने काढणे, पाणी, खत काहीही नाही.

सप्टेंबरअखेर-नोव्हेंबर : परदेशी रुपेरी झाडांची लागवड, शेणखत, दवण्याची पेरणी, डस्टी मिलर.

डिसेंबर-जानेवारी : खडीचा थर सारखा करणे, पिठ्या ढेकणाची तपासणी.

फेब्रुवारी-एप्रिल : नव्या झाडांना आठवड्यातून दोनदा, जुन्यांना पंधरवड्यातून एकदा पाणी, दवण्याची काढणी.

मे : आतली छाटणी, कुंड्यांची हलवाहलव, झापांचे छप्पर, मोठ्या झाडांच्या धोकादायक फांद्या उतरवणे.

चक्रीवादळे आता कोकणाला अनोळखी राहिलेली नाहीत. ‘निसर्ग’नंतर वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले. कुठलीही बाग वादळापुढे अभेद्य नसते. परंतु कमरेइतक्या झुडपांची, खोल मुळांच्या देशी झाडांची आणि टँकरवर विसंबून नसलेली बाग पडझडीनंतर लवकर सावरते आणि तोवर शेजारच्या विहिरीवर ताण आणत नाही. शहरातून येऊन किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याला गावाशी शेजारधर्म राखायचा असेल, तर आपल्या आवारात काय लावावे, याची निवड त्याच्याच हाती आहे.